चहा काय म्हणतोय?

४ मार्च

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्याआधी तीच फोडणार.

बातमी अशी की तुझ्या किटलीला चूल मिळाली! छापखान्याच्या मागच्या अंगणात, जिथे कागदाची रिळं उतरवतात, तिथे फाटकाला लागून एक खोली आहे. आतापर्यंत तिथे शाईचे रिकामे डबे पडून असायचे. एक ओटा, एक खिडकी, एक नळ, आणि नवल म्हणजे नळाला पाणीही येतं. खिडकीतून हात बाहेर काढला की थेट गिऱ्हाइकाच्या हातात कप. तुझी बोटीच्या धक्क्यावरची टपरी यापुढे काडेपेटी वाटेल, रागावू नकोस.

पण खोली अजून माझी झालेली नाही. छापखान्यात जिन्याखाली चहाचं मशीन आहे. बटण दाबलं की ते आजारी माणसासारखं कण्हतं आणि कोमट, गोड, तपकिरी असं काहीतरी कपात सोडतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मेअखेरपर्यंत मशीन राहील, तुम्हीही राहा. मग कामगारच ठरवतील, कोण हवं ते." मशीन जिंकलं तर मला पुन्हा फरशीच्या दुकानात बसून बिलं फाडायची. मामा, मला नाही रे जायचं तिथे. आयुष्यात मन लावून मी एकच गोष्ट शिकले, ती तुझ्या चुलीपाशी.

म्हणून मसाला तुझाच हवा. लवकर पाठव. आणि कृतीही लिही. मला येते, पण तुझ्या अक्षरात असली की धीर येतो.

आपला नियम मी इथे पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकला: चहा करणाऱ्याने चाखायचा नाही, फक्त वास घ्यायचा. जीभ एकदा पोळली की दिवसभर खोटं बोलते, नाक बोलत नाही, असं तू सांगायचास. मला कडेवर घेऊन पातेल्याच्या वाफेवर धरायचास आणि विचारायचास, "चहा काय म्हणतोय?" मी म्हणायचे, "आलं मागतोय." मामी मागून ओरडायची, "पोरीला भाजाल हो!" आठवतं?

तुझी,
किटली


१२ मार्च

चि. किटली,

अनेक आशीर्वाद. चहापेक्षा किटली गरम म्हणून तुझं हे नाव ठेवलं होतं. आता चहाही तुझाच म्हटल्यावर बोलणंच खुंटलं.

मसाल्याचा डबा सुतळीने बांधून वेगळा पाठवतोय. आता कृती ऐक. पाणी आधी, बाकी सगळं नंतर. पाण्याचा आवाज बदलला की आलं घाल, ठेचून, किसून नव्हे. किसलेलं आलं गाळणीत बसतं आणि जागा सोडत नाही, तुझ्या मामीच्या भावासारखं. आलं पाण्यात चांगलं उकळू दे, दूध घाईने घातलंस तर फाटेल आणि तू माझ्या नावाने बोटं मोडशील. मग पूड, मग साखर, मग दूध. वर आला की खाली घ्यायचा, पुन्हा वर येऊ द्यायचा. मसाला शेवटच्या उकळीला, चिमटीने. झाकण ठेवून दमू दे. मग वास घे, आणि तो काय म्हणतो ते कर.

आणि मशीनला घाबरू नकोस. तुला चहाच्या जन्माची गोष्ट सांगतो, गिऱ्हाइकांना सांग. मसाला आणि चहा आधी एकमेकांना ओळखतही नव्हते. मसाला काढ्यात राहायचा, खोकला झाला की लोक नाक दाबून प्यायचे. चहाची पत्ती आली ती मोठ्या लोकांच्या घरी, महाग. आमच्यासारख्या टपरीवाल्यांना परवडेना. मग एका हुशार माणसाने पत्ती केली कमी, दूध-साखर केली जास्त, आणि पत्तीतली चोरी कळू नये म्हणून काढ्यातला मसाला टाकला. लोक म्हणाले, "वा! असा चहा कधी प्यायलो नव्हतो." आणि ते खरंच होतं. म्हणजे बघ, मसाल्याचा चहा हा मुळात लबाडीच्या पोटी जन्मला. पण लबाडी इतकी चवदार निघाली की पुढे कोणी खरं विचारलंच नाही. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितली. खरी-खोटी त्याची त्याला ठाऊक.

इकडे सगळं ठीक. काल मी बोटवाल्याशी गप्पा मारत उभा, आणि मागे दूध करपून कोळसा झालं. मामी तिकीट खिडकीपासून धावत आली तेव्हा मला कळलं. म्हातारपण, दुसरं काय! तिने अजून ते पातेलं माझ्यासमोर मुद्दाम घासायला ठेवलंय.

तुझा,
मामा


२५ मार्च

ती. मामा,

डबा मिळाला. आता जे लिहिते ते बसून वाच.

पहिल्या दिवशी मशीनपाशी कोणी नव्हतं, सगळी रांग माझ्या खिडकीशी. सगळे प्यायले, वा वा म्हणाले, कामाला गेले. आणि दुपारी अख्खा छापखाना पेंगायला लागला. बांधणी खात्यातल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर. मशीनमन उभ्या उभ्या डुलतोय. आणि प्रुफं तपासणारे काका आहेत ना (इथलं सगळ्यात तिखट माणूस, कोणी दमलो म्हणालं तर त्यातही चूक काढतात), ते चक्क ओल्या प्रुफावर डोकं ठेवून झोपले. उठले तेव्हा त्यांच्या गालावर अर्धा परिच्छेद उलटा उमटला होता. एका बाईने तो आरशात धरून वाचला.

मॅनेजरसाहेब खिडकीशी आले. "बाई," म्हणाले, "हा चहा आहे की अंगाई?"

आता रांग पुन्हा मशीनपाशी. माझ्याकडे येतात ते फक्त झोप न येणारे दोघे-तिघे.

मामा, खरं सांगू? डबा उघडला तेव्हाच मला जायफळाचा वास जरा जास्त वाटला होता. लवंगही पुढे पुढे करत होती. पण मी मनात म्हटलं, मामाचा मसाला चुकेल कसा? या खोलीत इतकी वर्षं शाई होती, तिनेच माझं नाक बिघडवलं असणार. म्हणून तसाच घातला. आता मला रात्रंदिवस तीच भीती. नाक बिघडतं का रे असं? आणि बिघडलं तर परत येतं का? माझ्याजवळ त्याशिवाय दुसरं भांडवल नाही.

तुझी,
रडकुंडीला आलेली किटली


२ एप्रिल

चि. किटली,

आशीर्वाद.

तुझं नाक ठणठणीत आहे. शाईने काही होत नाही. यंदाचं जायफळ जरा विचित्र निघालं, त्याचा हा प्रताप. दुकानदाराला चार शब्द सुनावून आलो.

नाक परत येतं का म्हणून विचारलंस. मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर आहे?

दुसरा डबा पाठवतोय, यावेळी जपून केलाय. पण एक ध्यानात ठेव. माझ्या मसाल्याचं आणि तुझ्या नाकाचं भांडण झालं तर तू नाकाच्या बाजूने उभी राहा. प्रुफवाल्या काकांना माझा नमस्कार, आणि गाल रॉकेलने पुसायला सांग.

आज जास्त लिहीत नाही. बोट लागली आहे.

मामा


३ एप्रिल

चि. किटले,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. उत्तर घरी पाठवू नकोस, तिकीट खिडकीवरच्या बाईंच्या पत्त्यावर पाठव. ती माझी मैत्रीण आहे आणि तिच्या पोटात गोष्ट राहते. तेवढी एकच बाई आहे इथे तशी.

ह्यांचं नाक गेलं गं. थंडीत मोठी सर्दी झाली, ती बरी झाली, पण वास काही परत आला नाही. गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, येईलही, येणारही नाही. तेव्हापासून घरात कोणी नाकाचं नाव काढायचं नाही. मी साधं "नाक मुरडू नका" म्हटलं तरी ताट सोडून उठतात. तुझ्या डब्याच्या वेळी जायफळ किसायला बसले. वास येईना म्हणून किसत राहिले, किसत राहिले. मी म्हटलं, "अहो पुरे." तर मलाच म्हणाले, "तुला काय कळतंय?" दूध करपलं तेही त्यामुळेच. आणि तू पत्रात नेमकं तेच विचारलंस. वाचून माणूस धक्क्याच्या टोकाला जाऊन बसलं. मी दोनदा बोलवायला गेले तेव्हा आले.

इथली गिऱ्हाइकं जुनी, तोंडावर कोण बोलणार? हेही आता प्रत्येकाला विचारतात, "आज कसा झालाय?" जन्मात कधी विचारलं नव्हतं. मला ते ऐकवत नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना एखादं बरं पत्र लिही. दुसऱ्या डब्यात काय घातलंय देव जाणे. मला स्वयंपाकघरातून हाकलून, दार लावून केलाय.

आणि ते चहाच्या जन्माची लबाडीची गोष्ट सांगतात ना, ती सपशेल खोटी. नवरा काढा पीत नव्हता म्हणून कुठल्यातरी शहाण्या बाईने तो दूध-साखरेच्या चहात लपवून पाजला, असा झाला मसाल्याचा चहा. पुरुषांना औषध असंच द्यावं लागतं.

तुझी,
मामी


१८ एप्रिल

ती. मामा,

विजय! तुझा दुसरा डबा म्हणजे कमाल आहे. वेलची काय जमलीय! पातेल्यावरचं झाकण काढलं की वास थेट बांधणी खात्यापर्यंत जातो आणि बायका सुई-दोरा टाकून बाहेर येतात. दालचिनी कुठे आहे ते कळत नाही, पण नसती तर कळलं असतं, तशी. आज मशीनपाशी फक्त एक माणूस होता, तो दुरुस्तीला आला होता. प्रुफवाले काका दोन कप प्यायले आणि अजिबात झोपले नाहीत. उलट संध्याकाळपर्यंत सगळ्यांशी भांडले.

तुझ्या हाताला तोड नाही, मामा. तू म्हणालास तसंच झालं, जायफळच विचित्र होतं.

तुझी,
किटली


१८ एप्रिल

प्रिय मामी,

तिकीटवाल्या बाईंच्या पत्त्यावर हे पहिलं चोरटं पत्र. तुझं पत्र वाचून मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले. मी माझ्या नाकाची काळजी करत बसले होते आणि त्याला विचारत होते, त्यालाच!

मामाला जे लिहिलंय ते अर्धं खरं आहे. रांग खरी, बायका खऱ्या, काकांचं भांडणही खरं. फक्त मसाला त्याचा नाही. दुसरा डबा मी उघडलाच नाही. हिंमतच झाली नाही. साखरेच्या पोत्यामागे लपवून ठेवलाय, त्याच्या सुतळीच्या गाठीसकट. मसाला मीच केला. खलबत्ता नाही, तर स्टीलच्या वाटीत पेपरवेटने कुटला, आणि प्रत्येक वेळी वाफेवर वाकून तोच प्रश्न स्वतःला विचारला. वेलचीने उत्तर दिलं.

पाप लागेल का गं? पण त्याला बरं वाटलं तर लागू दे.

तुझी,
किटली


२ मे

चि. किटली,

अनेक उत्तम आशीर्वाद!

तुझं पत्र मी धक्क्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. बोटवाल्याने टाळ्या वाजवल्या. वेलचीची ओळ तर मी दोनदा वाचली. असं कौतुक माझ्या मसाल्याचं आजवर कोणी केलं नव्हतं. मामीला विचार, मी तेव्हापासून शीळ घालत फिरतोय.

मी एक ठरवलंय. मेअखेर कामगार निवाडा करणार, त्या दिवशी पहिलं पातेलं मी चढवणार. मामी टपरी सांभाळेल, तिला तसंही मी नसलो की धंदा दुप्पट होतो. माझी सांडशी घेऊन येतो. दुसऱ्या डब्यातला मसाला त्या दिवसापुरता राखून ठेव. तोच वापरू.

तुझा,
मामा


९ मे

मामी,

घात झाला! मामा येतोय. आणि त्याला दुसऱ्या डब्यातलाच मसाला हवाय, त्या दिवशी, अख्ख्या छापखान्यासमोर. घातला तर सगळे पुन्हा झोपतील नाहीतर आणखी काही होईल, आणि खोली जाईल. नाही घातला तर त्याला सगळं कळेल. तू कसंही करून त्याला थांबव. गुडघे दुखतायत म्हणून सांग.

किटली


१६ मे

किटले,

कोणाचे गुडघे? ह्यांचे? नवा सदरा शिवायला टाकलाय. रोज सांडशी चिंचेने घासतात. थंडीपासून पहिल्यांदा माणूस हसतंय, आणि मी थांबवू? मला नाही जमायचं ते.

डबा उघडू नकोस, काय निघेल सांगता येत नाही. तुझा मसाला तुझ्या डब्यात ठेव, तोच पुढे कर. बाकी जे होईल ते होईल. आणि गाडीतून उतरले की त्यांना आधी जेवायला घाल. भुकेल्या पोटी ते फार खोलात विचारतात.

मामी


१ जून

प्रिय मामी,

मामा अजून इथेच आहे, आतल्या खाटेवर घोरतोय. परवाच्या गाडीने निघेल. तोवर तुला सगळं सांगते, कारण तो स्वतः सांगेल तेव्हा त्यात मॅनेजर त्याच्या पाया पडलेला असेल.

काल सकाळी आम्ही खोलीत आलो. जेवायला घातलं होतं, तरी त्याने सगळीकडे नजर फिरवली. ओटा हाताने पुसून पाहिला, नळ सोडून पाहिला. पेपरवेट आणि वाटी उचलून पाहिली आणि काही न बोलता खाली ठेवली. मग म्हणाला, "साखर कुठेय?" मी "देते देते" म्हणेपर्यंत हा पोत्याशी पोचला. वाकला. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. पोत्यामागे डबा, डब्यावर सुतळी, सुतळीला त्याचीच गाठ. तो साखर घेऊन सरळ झाला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "चला, लोक आले." त्याने डबा पाहिला की नाही, मला अजूनही कळलेलं नाही. मसाल्यासाठी हात पुढे केला तेव्हा मी माझा डबा दिला. त्याने घेतला.

अंगणात सगळा छापखाना. मॅनेजरसाहेबांनी जिन्याखालचं मशीन बाहेर आणून माझ्या खिडकीशेजारी मांडलं होतं, दोन नवरदेव एकाच मांडवात असावेत तसं. म्हणाले, "दोन्हीकडचा चहा प्या. मग ज्याला जे हवं त्याच्यासमोर जाऊन उभं राहा." मशीनने लगेच बटणाबरोबर चहा ओतला. लोक कप धरून आमच्याकडे बघत राहिले.

मामी, तुला म्हणून सांगते, मामा पातेल्यापाशी उभा राहिला ना, की बघत राहावं. तो पाण्याकडे बघतही नव्हता. मान जराशी तिरकी करून ऐकत होता. पाण्याचा आवाज खाली बसला आणि याने आलं टाकलं. पत्तीचा रंग डोळ्याने, दुधाचा उतार डोळ्याने, उकळी वर आली की सांडशीने खाली, पुन्हा वर. एक थेंब ओट्यावर सांडला नाही. बांधणी खात्यातल्या बायका बोलायच्या थांबल्या. तेवढं सगळं त्याचं त्याने केलं, आणि चिमूटभर मसाला टाकून झाकण ठेवलं. आता वास घ्यायची वेळ. इथे तो काय करणार?

त्याने झाकण उचललं. पातेल्यावर वाकला नाही. बाजूला सरकला, मला जागा करून दिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"किटली, चहा काय म्हणतोय?"

मी एवढी घोडी झालेय गं, पण कडेवर बसल्यासारखं वाटलं. वाकले. वाफ घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, लोकांना वाटलं वाफ गेली. म्हटलं, "वेलची मागतोय थोडी. लवंग पुरे म्हणतोय."

"मग दे की त्याला," मामा म्हणाला.

मी दोन वेलच्या कुटून घातल्या. त्याने गाळला, उंचावरून, एकसारखी धार. तू पाहिलीच आहेस.

पुढचं सांगायला नको, पण सांगते. बायका सगळ्यात आधी आमच्या बाजूला आल्या. मग मशीनमन, ज्याचं नावच मशीनवर आहे तोही. मॅनेजरसाहेब म्हणाले, मी मत देत नाही, आणि दुसरा कप मागून घेतला. शेवटी मध्ये उरले फक्त प्रुफवाले काका. एका हातात हा कप, एका हातात तो. आमच्या कपाचा आधी वास घेतला. मग एक घोट. मग चष्मा कपाळावर चढवून दुसरा घोट. काका म्हणाले, "एकही चूक नाही. छापायला हरकत नाही." आणि मशीनचा कप कुंडीत ओतला.

खोली माझी झाली, मामी! मशीन आता पुन्हा जिन्याखाली गेलं आहे. आजपासून त्यात नुसतं गरम पाणी भरतात आणि लोक हातावरची शाई धुतात. त्यालाही काम मिळालं.

मामा संध्याकाळपर्यंत कप धुवत होता. मी म्हटलं, "बस ना." तर म्हणाला, "पाहुणा असेन तर बसेन."

तुझी,
किटली


१२ जून

चि. किटली,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो. मामीने दारातच विचारलं, "मॅनेजर पाया पडला का?" तुम्ही दोघी एकमेकींना पत्रं लिहिता हे मला तेव्हाच कळलं. तिकीटवाल्या बाईंच्या पोटात गोष्ट राहते, पण चेहऱ्यावर राहत नाही. असू दे.

आता माझी पाळी. किटली, दुसऱ्या डब्यात मी वेलची घातलीच नव्हती. दालचिनीही नव्हती. पहिल्या डब्याने तुझा छापखाना झोपवला हे वाचलं आणि माझा हातच चालेना. दार लावून बसलो, प्रत्येक मसाला नाकाशी धरून पाहिला, सगळे माझ्यासाठी सारखेच, धूळ. शेवटी नुसती सुंठ कुटून भरली. म्हटलं, सुंठीने कोणाचं वाईट तरी होत नाही. आणि नंतर तुझं पत्र आलं, "वेलची काय जमलीय!" मी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि धक्क्यावर एकटाच इतका हसलो की बोटवाला बोट सोडून बघायला आला. साखरेच्या पोत्यामागची सुतळीची गाठ नंतर पाहिली. ती काय, कळलं होतंच.

कोणी माझी कीव केली असती तर मला राग आला असता. पण तुझ्या पत्रात ती वेलची इतकी खरी होती, बांधणी खात्यापर्यंत जाणारी, की मला कळलं, पोरीला मसाला जमला. माझ्यापेक्षा बरा जमला. मी शीळ त्यासाठी घालत होतो. वास गेला तेव्हा वाटलं होतं की आता मीच गेलो. टपरीवर उभा असतो तो नुसता सदरा. तुझं खोटं वाचून वाटलं, नाक कुठे गेलंय? ते तर छापखान्यात आहे. म्हणून आलो. मी लिहिलं होतं ना, मसाल्याचा चहा लबाडीच्या पोटी जन्मला? मामीची गोष्टही खरी धर हवी तर. कोणीतरी कोणालातरी औषध लपवून पाजलं एवढं नक्की.

परत आल्यावर मी टपरीवरच्या बाकावर उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "माझं नाक गेलंय." बोटवाला म्हणाला, "आम्हाला थंडीपासून माहीत आहे." मी म्हटलं, "मग इतके दिवस तो चहा प्यायलात कशाला?" तर म्हणाला, "तुम्ही रोज विचारायला लागलात ना, कसा झालाय म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी आम्हाला विचारत होतं." आता वास मामी घेते. रोज भांडण होतं. तिच्या मते चहा नेहमी साखर मागतो.

मला स्वतःला कपात आता गरम आणि गोड एवढंच कळतं. पण तुझ्या प्रुफवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला ना, त्या क्षणी मला वेलची लागली. खरंच सांगतो.

यापुढे मसाला तू पाठवायचा, मी वापरायचा. डबा सोबत पाठवतोय, तोच पहिला, जायफळवाला. निघताना तुझ्या ओट्यावरून उचलून आणला होता, घासून घेतलाय. रिकामा पाठवायला बरं वाटेना म्हणून आत माझा बत्ता ठेवलाय. पेपरवेटने वेलची कुटतेस ते पाहिलं तेव्हाच ठरवलं होतं, म्हणून तर तेव्हा बोललो नाही. खल जड आहे, टपालात जाणार नाही. तो हवा असेल तर स्वतः ये आणि कडेवर घेऊन जा. आलीस की आधी चुलीपाशी उभी राहा. मी पातेल्यावरचं झाकण काढेन, आणि तुला माहीतच आहे मी काय विचारणार ते.

तुझा,
मामा